रंग उरले, गाड्या गेल्या : डिसेंबर १९६८ ची मुंबई आणि प्रायोजित मोटार शर्यतींचा विस्मृत इतिहास

१/
अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतून नेवाळी आणि खोणी ओलांडून काटई गाठले की कल्याण–शीळ रस्ता लागतो. डोंबिवलीच्या हद्दीत याच रस्त्यावरील एका जागेला लोक ‘प्रीमियर मैदान’ म्हणतात. हे नाव एका मोटार कारखान्याचे आहे. कारखाना बंद पडला, त्याच्या आसपास उंच गृहसंकुले उभी राहिली; नाव मात्र मैदानाला चिकटून राहिले.

२/
मोटार शर्यतींच्या इतिहासातही असेच घडते. गाडी भंगारात जाते, चालक विस्मरणात जातो आणि ज्याने पैसे मोजले त्याचे नाव व रंग तेवढे उरतात. या नियमाचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या बंदरातून गेले आहे. ते १९६८ सालचे आहे. ते समजण्यासाठी मात्र आधी चौसष्ट वर्षे मागे जावे लागते.

३/
१९०४ साली ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी-फेरी योजली. अंतर सुमारे १३०० किलोमीटर. युरोपात तयार झालेले हे यंत्र हिंदुस्थानच्या धुळीत, उन्हात आणि खडबडीत रस्त्यांवर टिकते का, हे तिला पाहायचे होते. भारतातील संघटित मोटार क्रीडेचा आरंभ सामान्यतः याच फेरीपासून मानला जातो.

४/
म्हणजे आरंभापासूनच या खेळाला दोन चेहरे होते. एक साहसाचा, दुसरा बाजाराचा. जी गाडी मुंबईपर्यंत धडधाकट पोहोचेल तिला गिऱ्हाईक मिळणार, हे उघड होते. तरीही त्या काळी गाडीच्या अंगावर जाहिरात नसे. मोटार बनवणारी कंपनी हीच गाडीची ओळख असे.

५/
पुढे युरोपातील मोठ्या शर्यतींत गाड्यांना देशांचे रंग आले. इंग्रजांचा हिरवा, इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा आधी पांढरा आणि नंतर चंदेरी. चालक जणू आपल्या देशाची पताका घेऊन धावे. तेल आणि टायरच्या कंपन्या पैसा पुरवत. पण त्यांची नावे लहान अक्षरांत, एखाद्या कोपऱ्यात असत.

६/
१९६८ साली हे सारे पालटले. जुने पुरवठादार हात आखडता घेऊ लागले होते आणि शर्यतीचा खर्च वाढत होता. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये १९६५ पासून दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी होती. तंबाखू कंपन्यांकडे पैसा होता, पण तो दाखवायला पडदा नव्हता. शर्यतींच्या नियामक मंडळाने गाड्यांवर प्रायोजकाचे रंग वापरण्यास मुभा दिली आणि दोघांची गरज जुळली.

७/
१ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामीच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ‘गन्स्टन’ या सिगारेटच्या रंगांतील गाड्या उतरल्या. त्याच वर्षी लोटस संघाने इंग्रजी हिरवा रंग उतरवून ‘गोल्ड लीफ’ सिगारेटचा तांबडा, पांढरा आणि सोनेरी साज चढवला. १२ मे रोजी स्पेनमधील हारामा येथे ग्रॅहम हिल याने त्या रंगांतील लोटस ४९ मधून शर्यत जिंकली.

८/
या विजयाला शोकाची किनार होती. लोटसचा सर्वश्रेष्ठ चालक जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे मरण पावला होता. अपघातसमयी त्याची फॉर्म्युला टू गाडीही गोल्ड लीफच्याच रंगांत होती. म्हणजे प्रायोजित रंगांच्या युगातील पहिली मोठी शोकांतिका त्या युगाच्या पहिल्याच वर्षात घडली.

९/
त्याच वर्षी तेल कंपनी ‘गल्फ’ हिचे फिकट निळे आणि नारिंगी रंग घेऊन फोर्ड जीटी ४० गाडी फ्रान्समधील ल मान्स येथे उतरली. ही चोवीस तासांची शर्यत एरवी जूनमध्ये होते. त्या वर्षी फ्रान्समधील मे महिन्याच्या उठावामुळे ती २८–२९ सप्टेंबरला झाली. विजेते होते मेक्सिकोचा पेद्रो रॉद्रिगेझ आणि बेल्जियमचा लुसियाँ बियांकी.

१०/
बियांकी हे आडनाव फॉर्म्युला वनच्या तरुण चाहत्यांना परिचित असेल. २०१४ साली जपानमधील सुझुका येथे अपघात होऊन २०१५ मध्ये मृत्यू पावलेला ज्यूल बियांकी हा लुसियाँच्या भावाचा नातू. तो भाऊ मोरो बियांकी. मोरोही १९६८ च्या त्याच ल मान्समध्ये धावत होता. एक भाऊ जिंकला. दुसऱ्याची गाडी आदळून पेटली आणि तो गंभीर भाजला.

११/
या विजयानंतर अवघ्या दोन महिन्यांनी लुसियाँ बियांकी मुंबईत होता. हातात गल्फची फोर्ड नव्हती, तर फ्रेंच सिट्रोएन डीएस २१ होती. निमित्त होते लंडन–सिडनी मॅरेथॉन, म्हणजे जगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी सुमारे १६,००० किलोमीटरची मोटार शर्यत.

१२/
या शर्यतीचे मूळ वृत्तपत्राच्या कचेरीत होते. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, २.८० डॉलरचा पौंड २.४० डॉलरवर आला आणि ब्रिटनमध्ये निराशा पसरली. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चे मालक सर मॅक्स एटकेन यांनी देशाचे मनोबल उंचावण्यासाठी आणि ब्रिटिश मोटारींचा जगभर गवगवा होण्यासाठी ही कल्पना उचलली. सिडनीचे ‘डेली टेलिग्राफ’ त्यांना येऊन मिळाले. विजेत्यास १०,००० पौंडांचे बक्षीस ठरले.

१३/
मार्ग आखला तो माजी शर्यतपटू जॅक सिअर्स यांनी. लंडन, पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि शेवटी मुंबई : अकरा देश, अकरा दिवस, सुमारे ७,००० मैल. तिथून पुढे जमीन संपत होती. म्हणून ‘पी अँड ओ’ कंपनीचे ‘चुसान’ हे प्रवासी जहाज ठरवले गेले. मुंबईत पोहोचणाऱ्या पहिल्या ७२ गाड्यांनाच त्यावर जागा मिळणार होती.

१४/
२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या. फोर्डचे ब्रिटिश, जर्मन आणि ऑस्ट्रेलियन असे तीन वेगळे संघ होते. ब्रिटिश लेलँडच्या ऑस्टिन १८००, रूट्सची हिलमन हंटर, हॉलंडच्या छोट्या डाफ, सोव्हिएत रशियाच्या चार मॉस्कविच, पोर्शे, व्होल्वो, मर्सिडीज. एक १९३० सालची जुनी बेंटलीही होती. ब्रिटिश सैन्यदलांचे चमू होते आणि एका व्होल्वोत चारही स्पर्धक स्त्रिया होत्या.

१५/
या गाड्यांचे दारपट्ट आणि बॉनेट म्हणजे चालते-फिरते जाहिरात फलकच होते. वृत्तपत्रे, तेल, टायर, दिवे, स्पार्क प्लग : ज्याने मदत केली त्याचे नाव अंगावर. कोणी कारखान्याच्या पगारावर आला होता, कोणी गावातील दुकानदारांकडून वर्गणी गोळा करून. हे दोन्ही वर्ग एकाच रस्त्यावर, एकाच घड्याळाशी झुंजत होते. आजच्या शर्यतींत हे दृश्य फारसे दिसत नाही.

१६/
तुर्कस्तानातील सिवास ते एर्झिंजान हा डोंगरी टप्पा पहिली खरी कसोटी ठरला. तिथे ब्रिटिश फोर्ड संघाचा रॉजर क्लार्क आघाडीवर गेला. त्याच्या लोटस कॉर्टिनाने सुमारे १७० मैलांचे ते अंतर ताशी जवळपास ६० मैलांच्या सरासरीने कापले. अफगाणिस्तानातील लताबंद घाट, मग खैबर, मग पंजाबची सपाटी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाड्या मुंबईत पोहोचल्या तेव्हा पहिला क्लार्क, दुसरा जर्मन फोर्डचा सिमो लॅम्पिनेन आणि तिसरा लुसियाँ बियांकी होता.

१७/
त्या काळच्या मुंबईच्या दृष्टीने हा प्रसंग किती अपूर्व होता, हे रस्त्याकडे पाहून कळते. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद होती. रस्त्यावर मुख्यतः तीनच मोटारी दिसत : अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट. नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षे नोंदणीच्या यादीत थांबावे लागे. अशा शहरात काही दिवसांसाठी जगभरातील कारखान्यांच्या खास तयार केलेल्या गाड्या, अंगावर प्रवासाची धूळ घेऊन, एकत्र उभ्या राहिल्या.

१८/
५ डिसेंबर १९६८ च्या पहाटे तीनच्या सुमारास ‘चुसान’ने मुंबई सोडली. प्रवासात गाडीला हात लावून दुरुस्ती करणाऱ्यास स्पर्धेतून बाद करण्याचा नियम होता. त्यामुळे खिळखिळ्या झालेल्या गाड्या जहाजाच्या पोटात तशाच बांधलेल्या राहिल्या. १३ डिसेंबरला जहाज ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला लागले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्थहून शर्यत पुन्हा सुरू झाली.

१९/
मुंबईतील क्रम तिथे टिकला नाही. क्लार्कच्या गाडीने दगा दिला, लॅम्पिनेन मागे पडला आणि बियांकी आघाडीवर आला. सिडनी अवघ्या काही तासांवर असताना त्याच्या सिट्रोएनची समोरून येणाऱ्या मिनीशी टक्कर झाली. गाडी सहचालक जाँ-क्लोद ओजिए चालवत होता. जबर जखमी झाला बियांकी. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने स्वतःच्या विजयाची संधी बाजूला ठेवून जखमींना मदत केली.

२०/
शर्यत जिंकली ती स्कॉटलंडच्या अँड्र्यू कॉवनने, ब्रायन कॉइल आणि कॉलिन मॅल्किन यांच्या साथीने. त्यांच्या हिलमन हंटरकडे आरंभी फारसे कोणाचे लक्ष नव्हते. हॉपकर्क दुसरा आला. एकूण ५६ गाड्यांनी शेवट गाठला. त्यांत चारही मॉस्कविच होत्या. बियांकी त्या अपघातातून सावरला, परंतु ३० मार्च १९६९ रोजी ल मान्स येथेच सरावादरम्यान त्याचा मृत्यू झाला.

२१/
त्याच्या विजयी गाडीची कथा मात्र संपली नाही. गल्फच्या निळ्या-नारिंगी रंगांतील तीच फोर्ड, चासी क्रमांक १०७५, हिने १९६९ चे ल मान्सही जिंकले. या वेळी चालक जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर होते. पुढे ते रंग पोर्शे ९१७ वर आले, १९७१ च्या ‘ल मान्स’ चित्रपटात झळकले आणि आज खेळण्यातल्या गाड्यांपासून मनगटी घड्याळांपर्यंत सर्वत्र दिसतात.

२२/
या रंगांचा मुंबईशी पुढे आणखी एक धागा जुळला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मूळ गल्फ कंपनी शेवरॉनमध्ये विलीन झाली आणि अमेरिकेबाहेरील बहुतांश बाजारांतील ‘गल्फ’ या नावाचे हक्क हिंदुजा समूहाकडे आले. या समूहाचे संस्थापक परमानंद हिंदुजा सिंधमधील शिकारपूरचे. ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत आले. उल्हासनगरच्या वाचकाला शिकारपूर कुठे आहे, हे सांगायला नको.

२३/
मुंबई परिसरात गल्फच्या नावाने पावसाळी स्कूटर रॅली वर्षानुवर्षे होत आली. चिखलातून घसरत जाणाऱ्या स्कूटरवर तोच निळा-नारिंगी गोल शिक्का. तो ज्या चालकाने ल मान्सला पहिल्यांदा विजयी केला, तोच १९६८ मध्ये याच शहरात येऊन गेला होता. शिक्का शहराच्या ओळखीचा झाला, माणूस अनोळखीच राहिला.

२४/
१९७७ मध्ये लंडन–सिडनी शर्यत पुन्हा भारतातून गेली. या वेळी शर्यतीच्या नावातच प्रायोजक होता : सिंगापूर एअरलाइन्स. गाड्या मद्रासहून जहाजाने पेनांगला गेल्या. पुन्हा जिंकला तो अँड्र्यू कॉवनच, मर्सिडीज २८० ई मधून. नऊ वर्षांपूर्वी वृत्तपत्रांनी बक्षीस दिले होते. आता शर्यतीचे बारसेच प्रायोजकाच्या नावाने झाले.

२५/
१९८० मध्ये पहिली हिमालयन रॅली मुंबईहून निघाली. तिचे सूत्रधार मुंबईचे नाझिर हुसेन. पुढे ते फॉर्म्युला वन शर्यतींचे पंच म्हणून जगभर ओळखले गेले. केनियाचे जयंत शाह यांनी ही रॅली एकाहून अधिक वेळा जिंकली. सुमारे दशकभर चालून ती थांबली. अशी रॅली म्हणजे इंधन, गाड्या, परवाने आणि माणसे यांचा प्रचंड खर्च. पाठीराखा हटला की अशी स्पर्धा एका हंगामात नाहीशी होऊ शकते.

२६/
दक्षिणेत मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर शर्यती होत. तिथे विजय मल्ल्या यांनी ‘एन्साइन’ ही जुनी फॉर्म्युला वन गाडी आणून पळवली. मद्य, टायर, तेल या व्यवसायांतून संघ उभे राहिले. एमआरएफ आणि जेके टायर ही नावे मारुती जिप्सी आणि एस्टीमच्या दारांवर आली. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर झळकण्याआधीपासून एमआरएफचा शिक्का शर्यतीच्या धुळीत फिरत होता.

२७/
या काळातच कल्याण–शीळ रस्त्यावरील त्या नावाची गाडी रॅलीत उतरली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. तिची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, धावपट्टीवरील शर्यतींत पूर्वीपासून होती. १९८५ मध्ये ‘प्रीमियर ११८ एनई’ आली : अंग फियाट १२४ चे, इंजिन निसानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. भारतीय रॅलींत ती अनेकांची आवडती गाडी ठरली.

२८/
१९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या पीजोशी हात मिळवला आणि डोंबिवलीच्या कारखान्यात पीजो ३०९ तयार होऊ लागली. पीजो म्हणजे १९८५ आणि १९८६ ची जागतिक रॅली विजेती, १९८७ ते १९९० सलग चार वेळा डाकार जिंकणारी कंपनी. तिची घरगुती गाडी अंबरनाथपासून काही किलोमीटरवर जुळवली जात होती. कामगार-व्यवस्थापन संघर्ष आणि आर्थिक अडचणी यांत काही वर्षांतच ही भागीदारी मोडली.

२९/
पुढचा काळ तरुणांच्या आठवणीतला आहे. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन टाटांच्या पाठबळावर जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि इंडियानापोलिसच्या केवळ सहा गाड्यांच्या शर्यतीत चौथा आला. भारतात तंबाखूच्या क्रीडा प्रायोजकत्वावर २००३ च्या कायद्याने बंदी आली. मुंबईच्या महिंद्रचा संघ २०१४ पासून विजेवरील फॉर्म्युला ईमध्ये धावतो. प्रायोजकांचे धंदे बदलले, व्यवहार तोच राहिला.

३०/
या व्यवहाराला केवळ दूषण देणे अन्यायाचे ठरेल. वृत्तपत्रांनी पैसा लावला नसता तर १९६८ मध्ये त्या गाड्या मुंबईत आल्याच नसत्या. टायर कंपन्या नसत्या तर एका पिढीतील भारतीय चालकांना गाडी मिळाली नसती. प्रायोजकाने खेळ जगवला, हे खरे. मात्र त्याने स्मृती जपली ती स्वतःच्या नावाची. कारण तो त्याचा माल होता. बाकीचे जपण्याचे काम त्याचे नव्हते.

३१/
ते काम शहरांचे आणि माणसांचे होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी आणि मुंबईकरांनी तिला भरभरून निरोप दिला, कारण ती गाडी लाखो लोकांच्या रोजच्या आयुष्यात होती. त्याच कुळातील शर्यतीच्या फियाट आणि रॅलीच्या ११८ एनई कधी, कुठे संपल्या, याची कुणी नोंद ठेवली नाही.

३२/
डोंबिवलीच्या कारखान्यात काम केलेली पिढी आता निवृत्त आहे. कोणाच्या कपाटात ओळखपत्र असेल, कोणाकडे गाडीच्या सुट्या भागांची पुस्तिका, कोणाच्या अल्बममध्ये रस्त्याकडेला उभे राहून टिपलेले रॅलीचे धूसर छायाचित्र. त्या छायाचित्रात दारावरची अक्षरे स्पष्ट वाचता येतील. काचेआडचा चेहरा कोणाचा आणि ती गाडी कोणी जुळवली, हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून, छायाचित्राच्या मागे नाव आणि साल लिहून ठेवायला हवे.